कॅमेरा गप्प झाला, तर तुम्हाला कळतं का? वायफाय जॅमिंग आणि घराची राखण

ठाण्यात हल्ली फ्लॅटचा ताबा मिळाला की पडदे लागायच्या आधी दाराशी कॅमेरा लागतो. ऑनलाइन मागवायचा, डबल टेपने चिकटवायचा, क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. भिंतीला भोक नाही, धूळ नाही, वायरमनच्या मागे लागणं नाही. सगळा कारभार हवेतून. आणि जे हवेतून चालतं, ते हवेतच अडवताही येतं. त्यालाच जॅमिंग म्हणतात.

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या इडायना शहरात झालेल्या घरफोड्यांत चोरांनी वायफाय जॅमर वापरले असावेत, असा संशय तिथल्या पोलिसांनी व्यक्त केला. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही लोकांना सावध केलं. आपल्याकडच्या चोराची भिस्त माझ्या मते अजून कटावणीवरच जास्त आहे, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. मग हा खटाटोप कशाला? कारण जॅमरवर जो इलाज, तोच लाइट गेल्यावर, रस्ता खोदताना फायबर तुटल्यावर आणि राउटर हँग झाल्यावरही कामाला येतो. आणि या तीन गोष्टींसाठी घोडबंदर रोडवर चोराची वाट बघावी लागत नाही.

अडवतात म्हणजे नेमकं काय करतात

प्रकार दोन आहेत, आणि दोन्हींचे इलाज वेगळे.

पहिला म्हणजे निव्वळ गोंगाट. ज्या फ्रिक्वेन्सीवर तुमचा कॅमेरा बोलतो, तिच्यावर जोरात कचरा सोडायचा. लग्नाच्या वरातीत बेंजोच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलायचा प्रयत्न करा, तसंच. फोन बिघडलेला नसतो, पण पलीकडच्याला काही ऐकू जात नाही. यावर कुठलंही सेटिंग चालत नाही.

दुसरा प्रकार जास्त धूर्त आहे. वायफायच्या भाषेत राउटर आपल्या उपकरणाला ‘आता तू जा’ असा एक छोटा निरोप पाठवू शकतो. जुन्या पद्धतीत हा निरोप खरोखर राउटरनेच पाठवला का, हे तपासायची सोय नव्हती. त्यामुळे कुणीही राउटरच्या नावाने तो पाठवत राहायचा आणि कॅमेरा बिचारा पुन्हा पुन्हा बाहेर पडायचा. याला डीऑथ म्हणतात. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी याने फरक पडत नाही, कारण पासवर्ड फोडलाच जात नाही. मात्र याच्यावर सेटिंगचा इलाज आहे. तो पुढे येतोच.

कोण कुठे बोलतं हेही माहीत असू द्या. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं. स्वस्तातले आणि बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ वर असतात. झिगबीचे (स्मार्ट उपकरणांची वायफायहून वेगळी एक वायरलेस पद्धत) सेन्सरही २.४ वरच. दाराखिडकीचे साधे वायरलेस सेन्सर आणि गेटचे रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, काही ८६५ च्या आसपास. म्हणजे वायफाय अडलं तरी सेन्सर चालू असू शकतात, आणि उलटही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जॅमर विकत घेऊन ‘आपली सिस्टीम टिकते का बघू’ असला उद्योग करू नका. सरकारने खास परवानगी दिल्याशिवाय जॅमर वापरणं बेकायदेशीर आहे, आणि खासगी माणसाला किंवा संस्थेला तो विकत घेता येत नाही, हे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. त्याच सूचनेत आणखी एक गोष्ट होती, जी आपल्या उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांना झोंबेल: घरात रेंज येत नाही म्हणून बसवलेला मोबाइल बूस्टरसुद्धा बेकायदेशीरच. शेजाऱ्यांची रेंज बिघडवण्यात त्याचा हात असतो.

पायरी १: राउटर बंद करा आणि गंमत बघा

खर्च करण्याआधी एक चाचणी. रविवारी सकाळी, घरातल्यांना सांगून (मॅच चालू असताना केलीत तर परिणामांना मी जबाबदार नाही), राउटर पंधरा मिनिटं बंद करा. तुमचा फोन मोबाइल डेटावर ठेवा. आता कॅमेऱ्यासमोरून दोनदा चाला, मुख्य दार उघडा, सेन्सर असलेली खिडकी उघडा. घड्याळाकडे लक्ष ठेवा.

तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. सायरन वाजला का? कॅमेरा ऑफलाइन झाल्याचा मेसेज फोनवर आला का, आणि कितव्या मिनिटाला? राउटर परत चालू केल्यावर त्या पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग सापडतं का?

बऱ्याच घरांत तिन्हींचं उत्तर ‘नाही’ येतं. तसं आलं तर तुमच्याकडे सुरक्षा यंत्रणा नसून चांगल्या हवामानात चालणारं एक यंत्र आहे.

सेन्सरवाला अलार्म असेल तर आणखी एक करा. एका सेन्सरची बॅटरी काढून ठेवा आणि पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला कळवतात तो अलार्मचा मुख्य डबा, कधी तक्रार करतं ते बघा. चांगल्या पॅनलमध्ये सेन्सरला ठरावीक वेळाने हजेरी लावावी लागते. हजेरी चुकली की पॅनल ओरडतं. काही पॅनल आजूबाजूला गोंगाट वाढला की तसंही कळवतात. स्वस्त किटमधला सेन्सर फक्त दार उघडल्यावर एकदा बोलतो आणि नंतर मुका. तो मेला, चोरीला गेला की अडवला गेला, पॅनलला पत्ताच नसतो. असं किट असेल तर त्याच्यावर आणखी पैसे घालू नका.

पायरी २: रेकॉर्डिंग घरातच व्हायला हवं

कॅमेऱ्यात मेमरी कार्डाची जागा असेल तर कार्ड आजच घाला. साधं मोबाइलचं कार्ड नको. सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ छापलेलं घ्या, नाहीतर काही महिन्यांत ते गुपचूप मान टाकतं. मग ॲपमध्ये जाऊन रेकॉर्डिंग खरंच कार्डावर होतंय ना ते पाहा. काही कॅमेऱ्यांत कार्ड घातलं तरी फॉरमॅट केल्याशिवाय ते वापरलं जात नाही.

कार्ड घातलं की वायफाय अडवलं तरी चेहरा टिपला जातो. अडचण एवढीच की कॅमेरा उपटून नेला तर कार्डही गेलं. म्हणून कॅमेरा हात पोचणार नाही इतका वर लावा. ज्या बॅटरी कॅमेऱ्यांत कार्डाची सोयच नाही, जे फक्त क्लाउडवर भिस्त ठेवतात, ते जॅमिंगच्या दृष्टीने सगळ्यात लंगडे. गॅलरीत कुंड्यांवर लक्ष ठेवायला ठीक आहेत.

पायरी ३: एक तरी वायर ओढा

हा या लेखाचा गाभा. तांब्याच्या तारेतून जाणारा सिग्नल बाहेरच्या जॅमरला दाद देत नाही. सगळं घर वायरचं करायची गरज नाही. मुख्य दाराचा कॅमेरा आणि मुख्य दाराचा सेन्सर, एवढे दोन वायरने जोडले तरी निम्म्याहून जास्त काम झालं असं मी समजतो. बाकीचे राहू देत हवेवर.

आधी एक सापळा. दुकानात ‘वायरवाला कॅमेरा’ मागितलात तर कधीकधी अडॅप्टरची वायर असलेला वायफाय कॅमेरा हातात येतो. ती वायर फक्त करंटची. चित्र हवेतूनच जातं. ‘वायरलेस एनव्हीआर किट’चंही तसंच: एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डरचा डबा, दिसतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण त्या डब्यापर्यंत कॅमेरे वायफायनेच पोचतात. तुम्हाला हवा आहे तो पीओई कॅमेरा, म्हणजे एकाच लॅन केबलमधून करंटही आणि चित्रही. ती केबल पीओई स्विचला (अनेक लॅन केबल एकत्र जोडणारा आणि त्यांना करंट देणारा डबा) किंवा पीओई पोर्ट असलेल्या एनव्हीआरला जाते. १०० मीटरपर्यंत केबल चालते, त्यामुळे फ्लॅटला काय, नेरूळ-कोपरखैरण्याच्या रो हाउसच्या गेटपर्यंतही अंतराचा प्रश्न येत नाही. घरात आधीच जुना डीव्हीआर (जुन्या पद्धतीचा रेकॉर्डर) आणि कोॲक्सियल केबलचे कॅमेरे असतील तर ते भंगारात काढू नका. चित्र जरा कमी स्पष्ट असेल, पण जॅमरपुढे ते नव्या वायफाय कॅमेऱ्यापेक्षा भक्कम आहेत.

केबल घेताना दुकानदाराला विचारा, प्युअर कॉपर आहे का. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते आणि ती स्वस्तही असते. ओळखायची सोपी खूण: तुकड्यातली एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमकली तर ॲल्युमिनियम. पीओईला ती नको. लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, केबल तापते, आणि कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रीस्टार्ट होऊ लागतो. मग घरमालक म्हणतो, कुणीतरी जॅम करतंय.

केबल न्यायची कुठून? जुन्या इमारतींत, विशेषतः नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर भागात, एमटीएनएलच्या लँडलाइनसाठी टाकलेला पाइप बऱ्याच घरांत दारापासून हॉलपर्यंत तसाच पडून असतो. वायरमनला आधी त्यात स्टीलची तार घालून बघायला सांगा. तार पलीकडे निघाली तर भिंत फोडायची वेळच येत नाही. लाइटच्या वायरींच्या पाइपातून मात्र लॅन केबल नेऊ देऊ नका, सुरक्षेच्या दृष्टीने ते चूक आहे. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर चपटी लॅन केबल मिळते. ती दाराच्या फटीतून जाते आणि वर केसिंग पट्टी चिकटवली की डोळ्यांना खुपत नाही.

बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी पावसाचा विचार आधी. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकून जाईल, केबलवरून घरंगळत भोकात शिरणार नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायला सांगा. कनेक्टर उघडा न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये बंद करा. ठाण्याचा एक पावसाळा उघड्या कनेक्टरला हिरवा गंज चढवायला पुरतो. हे काम मेमध्ये उरका, जूनमध्ये शिडीवर चढायला कुणी येत नाही.

सेन्सरची वायर तर आणखी सोपी. दाराच्या चौकटीवर चुंबकाचा साधा कॉन्टॅक्ट, दोन तारा, थेट अलार्म पॅनलच्या वायर झोनला, म्हणजे वायरच्या सेन्सरसाठी असलेल्या जोडणीला. जोडणी अशी करून घ्या की दार बंद असताना सर्किट पूर्ण असेल. मग दार उघडलं काय किंवा कुणी तार कापली काय, पॅनलला दोन्ही सारखंच: सर्किट तुटलं, सायरन वाजव. सायरन वाजवायचा निर्णय पॅनलने घरातल्या घरात घ्यायला हवा. ज्या यंत्रणेत तो निर्णय दूरच्या सर्व्हरवर होतो, तिथे इंटरनेट गेलं की सायरन शोभेचा.

एनव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोराला काही शोधावं लागत नाही, टीव्हीबरोबर तोही उचलतो. माळ्यावर किंवा कपाटात, पण हवा खेळेल असा. आणि मजल्याच्या सामाईक पॅसेजमध्ये कॅमेरा लावणार असाल तर सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्या, तोंड समोरच्यांच्या दाराकडे नको. यावरून होणारी भांडणं घरफोडीपेक्षा जास्त दिवस चालतात.

पायरी ४: राउटरमधलं एक सेटिंग

डीऑथवरचा इलाज २००९ साली ८०२.११डब्ल्यू या नावाने वायफायच्या मानकात आला. राउटरच्या मेनूत तो पीएमएफ नावाने दिसतो. तो चालू असला की राउटर आणि उपकरण एकमेकांचे निरोप खरे आहेत का ते तपासतात आणि खोटा ‘तू जा’ फेकून देतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीत (जुनी ती डब्ल्यूपीए२) तो सक्तीचा आहे.

करायचं असं. राउटरच्या वायफाय सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा. कॅमेरा जोडला जाईनासा झाला, आणि स्वस्त कॅमेऱ्यांचं असं होतंच, तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. मिश्र ठेवल्यावर ज्या उपकरणाला पीएमएफ येतं त्यालाच संरक्षण मिळतं, जुन्याला नाही. हे लक्षात ठेवून जुना कॅमेरा महत्त्वाच्या जागेवरून हलवा. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेल्या राउटरमध्ये हा पर्याय पुष्कळदा दिसतच नाही. तेव्हा आपला राउटर वेगळा घेऊन कंपनीच्या डब्याला लॅनने जोडायचा.

कॅमेरा ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर तिकडे न्या. तिथे गर्दी कमी असते आणि जॅमिंगची स्वस्त खेळणी बहुतेक २.४ वरच चालतात. मात्र ५ ची रेंज आपल्या आरसीसी भिंतींतून लवकर मरते, त्यामुळे राउटर आणि कॅमेऱ्यात एखादीच भिंत असेल तरच. गोंगाटाच्या प्रकाराला यातलं काहीच अडवत नाही, हे पुन्हा सांगतो.

पायरी ५: करंट आणि दुसरी वाट

राउटर, फायबरचा डबा, पीओई स्विच आणि एनव्हीआर, चौघांनाही बॅकअप हवा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून लोक खूश होतात आणि एनव्हीआर साध्या बोर्डावर राहतो. महावितरणचं शटडाउन आलं की रेकॉर्डिंग बंद. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवरच चारही वस्तू घ्या.

दुसरी वाट म्हणजे पॅनलमधलं सिम. फायबर एका कंपनीचं असेल तर सिम दुसऱ्या कंपनीचं. पॅनल जुनं, टूजीवर चालणारं असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टूजी नेटवर्कच नाही. आणि रिचार्ज! पॅनलमधल्या सिमचा प्रीपेड प्लॅन संपल्याचा मेसेज त्या सिमलाच येतो, तो वाचायला कुणी नसतं. तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा. जोरदार जॅमर मोबाइलची रेंजही मारू शकतो, म्हणून सिम ही वायरची जागा घेत नाही.

पायरी ६: शांतता हाच अलार्म

अडवलेला कॅमेरा ‘मला अडवलंय’ असं सांगू शकत नाही. सांगायचं ते बाहेरच्याने: कंपनीच्या सर्व्हरने, ज्याला कॅमेऱ्याची हाक ऐकू येईनाशी झाली. ॲपमध्ये ‘डिव्हाइस ऑफलाइन’ची सूचना शोधा, ती अनेकदा बंद असते. चालू करा. मग फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर फोनच ती सूचना दाबून ठेवतो आणि तुम्ही ॲप उघडाल तेव्हा दाखवतो.

सूचना घरातल्या दोघांच्या फोनवर यायला हवी. तुम्ही लांब पल्ल्याच्या गाडीने पारसिकच्या बोगद्यात असाल तर जॅमर न लावताही तुमचा फोन गप्प असतो.

सूचना आली की काय करायचं ते आधी ठरवा. माझ्या मते क्रम असा: समोरच्या काकूंना किंवा गेटवरच्या वॉचमनला फोन, त्यांनी इंटरकॉमवर घंटी वाजवायची आणि लांबूनच दार बघायचं. कडी तुटलेली, दार किलकिलं असं काही दिसलं तर आत न शिरता ११२. काकूंना एकटीने दार ढकलून बघायला सांगू नका. वॉचमनचा नंबर फोनमध्ये हवा, डायरीत नको.

जॅमर की मायक्रोवेव्ह?

दर वेळी चोरावर संशय घ्यायच्या आधी थोडं डोकं लावा. फायबरच्या डब्यावर लाल दिवा असेल तर केबल तुटली आहे, कंपनीला फोन करा. एकच कॅमेरा जात असेल तर बहुधा अडॅप्टर किंवा रेंज. रोज जेवणाच्या वेळी जात असेल तर मायक्रोवेव्ह: तोही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच तापवतो आणि जुना असेल तर बाहेर सांडतो. टॉवरमध्ये रात्री नऊनंतर चित्र अडखळत असेल तर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर घालून बघा आणि चॅनल १, ६, ११ पैकी जिथे कमी दाटी आहे तिथे राउटर न्या.

संशय घ्यावा असं चित्र एकच: राउटर चालू, लॅनने जोडलेल्या टीव्हीवर इंटरनेट व्यवस्थित, आणि घरातलं झाडून सगळं वायरलेस एकाच क्षणी गेलं. लगेच वायरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघा आणि वेळ लिहून ठेवा. शेजाऱ्याचंही वायफाय त्याच मिनिटाला गेलं असेल तर संशय आणखी पक्का.

घरफोडी झालीच तर एनव्हीआर जागेवरून हलवू नका, हार्ड डिस्क काढू नका. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, म्हणून त्या वेळेची क्लिप लगेच पेनड्राइव्हवर घ्या आणि मूळ डबा पोलिसांना दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगबरोबर प्रमाणपत्र लागतं, नमुना पोलीस ठाण्यात विचारा. आणि एनव्हीआरचं घड्याळ आजच तपासा. ते दहा मिनिटं मागे असेल तर लिफ्टच्या आणि गेटच्या कॅमेऱ्यांशी वेळ जुळवताना तपास अधिकाऱ्याची दमछाक होते. सेटिंगमध्ये एनटीपी चालू केलं की घड्याळ इंटरनेटवरून आपलं आपण बरोबर होतं.